चौघींचा ओटा

विनोदिनी पोतनीस यांनी आयुष्यात कोणाच्या घरची कडी आपण होऊन वाजवली नाही. यात घमेंड नव्हती. त्यांना ते जमत नसे, इतकेच. कोणाकडे काय म्हणून जायचे, गेल्यावर पहिले वाक्य कोणते बोलायचे आणि उठताना कोणते, याचा साठी उलटली तरी त्यांना उलगडा झालेला नव्हता. धारच्या एका खाजगी शाळेत त्यांनी मुलींना संस्कृत शिकवले. वर्गात त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोहोचे. शाळेच्या फाटकाबाहेर पडल्या की तोच आवाज पदराआड गेल्यासारखा होई. लग्न झाले नाही. भाऊ होता, तो गेला. त्याचा मुलगा प्रणव इंदूरला नोकरीत.

असे असूनही धारमध्ये त्या एकट्या नव्हत्या. याचे श्रेय त्यांच्या स्वभावाला नव्हे, ओट्याला होते.

धारेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या एका गल्लीत त्यांचे भाड्याचे घर होते. दोन खोल्या, पलीकडे मोरी, आणि पुढे रस्त्याच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीचा, काळ्या दगडाचा ओटा. गल्लीतले बाकीचे लोक त्याला ओटला म्हणत. पोतनीसांच्या घरात, जुन्या वळणाने, तो ओटाच होता. शाळा सुटल्यावर विनोदिनीबाई चहाचा कप घेऊन तिथे टेकत, आणि मग एकेक जण येत. कोणी निवडायची मेथी घेऊन येई, कोणी नुसतीच. चौथी आली की सरकून बसावे लागे. पाचवीला पायरी. या बायकांना विनोदिनीबाईंनी कधी ‘या’ म्हटले नव्हते आणि त्यांनीही कधी ‘येऊ का’ विचारले नव्हते. ओट्यावर यायला कारण लागत नाही. तो घरात नसतो आणि रस्त्यावरही नसतो. धारेश्वराचा छबिना निघे त्या दिवशी मात्र तिथे जागेवरून अक्षरशः भांडणे होत, आणि घरमालकीण असल्याप्रमाणे विनोदिनीबाई ती मिटवत. वर्षातून तेवढाच एक दिवस वर्गातला आवाज गल्लीत ऐकू येई.

ओट्याचे फार गुणगान करण्याचेही कारण नाही. त्यावर कोणी टेकावे आणि कोणी खाली उभे राहून बोलावे, हे त्या गल्लीत कोणी न सांगता ठरलेले होते. सफाईचे काम करणारी बाई कधी वर बसली नाही, आणि तिला कोणी ‘बस’ म्हटल्याचेही विनोदिनीबाईंना आठवत नव्हते. हे त्यांना सलत असे. पण सलणे आणि बोलणे यांत जे अंतर असते, ते त्यांच्या बाबतीत जरा जास्तच होते.

मग मालकाने घर विकले. नव्या मालकाला तिथे दुकाने काढायची होती.

प्रणवने घर शोधायला घेतले तेव्हा एक गोष्ट लवकरच स्पष्ट झाली: जुन्या वस्तीत परवडण्याजोगे काही उरले नव्हते, आणि परवडण्याजोगे जे होते ते सगळे गावाबाहेर, शेत मोडून नुकत्याच आखलेल्या रस्त्यांवर होते. या वयात बँक कर्ज देत नाही. खाजगी शाळेची निवृत्ती म्हणजे फंडाची एकगठ्ठा रक्कम, तिच्यात बसेल तेच घर. इंदूर बसले नाही. धारची नवी वसाहत थोडक्यात हुकली. शेवटी बसले ते देवासला, सोनकच्छच्या रस्त्यावर, ‘मोहिनी ग्रीन्स’ नावाच्या कॉलनीतले एक जोडघर. देवास हे त्यांच्या आजोबांचे गाव. तिथल्या दोन संस्थानांपैकी थोरल्या पातीच्या दरबारात ते खजिन्यावर, म्हणजे पोत्यावर, होते. “पोतं गेलं, नुसते नीस उरलो,” असे त्यांचे वडील आडनावाबद्दल म्हणत.

नमुन्याचे घर बघायला प्रणव त्यांना घेऊन गेला. कॉलनीतली सगळी घरे त्या एकाच नमुन्यावर बांधायची होती. दर्शनी भाग करडा आणि पांढरा, त्यावर लाकडाचा आभास देणाऱ्या उभ्या पट्ट्या, गच्चीला काचेचा कठडा. आत छताखाली दुसरे छत, त्याच्या कडांमधून पाझरणारा पिवळा उजेड. टीव्हीमागे संगमरवरासारखी दिसणारी, टिचकी मारली की पोकळ वाजणारी भिंत. विनोदिनीबाईंनी टिचकी मारून पाहिली. घर पूर्वमुखी होते, म्हणून स्वयंपाकघर आग्नेयेला, म्हणजे अगदी पुढे, रस्त्याच्या बाजूला. “वास्तू एकदम करेक्ट आहे, आत्या,” साइटचा सुपरवायझर म्हणाला.

हा नीलेश. प्रणवच्या ओळखीतला. त्याचे वडील भुसावळकडून देवासला कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. नीलेश हिंदी शाळेत शिकला. मराठी त्याला बोलता येई, वाचताना अडखळे. कॉलनीतल्या गिऱ्हाइकांत मराठी बोलणारे कोणी भेटले की तो खुलत असे, आणि विनोदिनीबाईंची पुस्तकासारखी मराठी ऐकून तर तो हरखूनच गेला. प्रणवची म्हणून त्याचीही ती आत्याच झाली.

“पॅकेजमध्ये हे सगळं येतं,” तो म्हणाला. “सीलिंग, पॅनल, बाहेरची लायटिंग. कस्टमर को एक-दो चीज अदलाबदल करायची असली, तर करून देतो आपण.”

धारला परतल्यावर विनोदिनीबाईंनी पुष्कळ विचार केला आणि त्याला फोन लावला. फोन करणे हेही कडी वाजवण्यातलेच. पण मागायची गोष्ट तशी होती.

“नीलेश, मला ते सीलिंग नको. भिंतीवरचं पॅनलही नको, बाहेरचे दिवेही नकोत. त्या सगळ्याच्या बदल्यात एक करून द्याल?”

“बोला ना, आत्या.”

“मला ओटा हवा. चांगला लांब.”

“अरे, बस इतकंच? ओटा तर देतोच आपण.”

“नमुन्यात मला दिसला नाही तसा.”

“तो छोटा आहे. तुम्हाला लांब देतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत?”

“हो. काळा दगड. धारला आमचा काळाच आहे. पुसला की झालं, धूळ दिसत नाही.”

“काळा ग्रॅनाइट, बढिया. उंची?”

“उंचीचं तुम्ही बघा. माझे गुडघे दुखतात, त्या हिशेबानं. फक्त चार जणी मावल्या पाहिजेत.”

नीलेश हसला. “चार? मावतील की, आत्या. चौघी एका वेळी काम करतील.”

“काम कसलं, गप्पाच मारतील,” विनोदिनीबाई म्हणाल्या, आणि त्याही हसल्या. अनोळखी माणसाशी फोनवर हसल्याचे त्यांचे त्यांनाच नवल वाटले.

त्या हिंदीत बोलल्या असत्या तर पुढचे काही घडले नसते. ‘ओटला’ म्हटले असते, की देवासच्या कोणत्याही गवंड्याने दाराबाहेरचा चौथरा बांधून दिला असता. पण समोरचा मुलगा मराठी बोलला, म्हणून त्या सुखावल्या आणि मराठीत बोलल्या. नीलेशच्या घरी ओटा एकच होता: ज्यावर शेगडी ठेवतात तो. त्याची आई रोज जेवणे झाली की म्हणे, ओटा पुसून घे.

घर होईपर्यंत विनोदिनीबाई देवासला गेल्या नाहीत. प्रणव फोटो पाठवी. त्यांत विटा, सळया आणि कडेला उभा हसरा नीलेश एवढेच असे. गल्लीतल्या बायकांना मात्र त्यांनी सांगून ठेवले होते, “तिथेही ओटा आहे. काळाच. तुम्ही या.” आयुष्यातले हे त्यांचे पहिले आमंत्रण असावे.

ताबा मिळाला त्या दिवशी प्रणवने गाडी फाटकासमोर उभी केली. विनोदिनीबाई उतरल्या. फाटकापासून दारापर्यंत एक चकचकीत, गुळगुळीत उतार चढत गेला होता, गाडी वर घेण्यासाठी. डाव्या हाताला, पुढे आलेल्या स्वयंपाकघराची खिडकी. उजव्या हाताला शेजाऱ्यांचा तसाच उतार, तशीच खिडकी. त्यांनी दोनदा पाहिले.

“ओटा कुठे आहे?”

“या ना, आत या,” नीलेश उत्साहाने म्हणाला.

“आत?”

तो त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि बाजूला झाला, मूर्तीसमोरचा पडदा बाजूला केल्यासारखा. खिडकीखालून निघून, कोपऱ्यात वळून, मागच्या भिंतीपर्यंत गेलेला काळाभोर ग्रॅनाइट. त्यात त्यांचा चेहरा दिसत होता. एका माणसाचा वरणभात शिजणार होता त्याच्या एका टोकाला.

“पूर्ण कॉलनीत एवढा मोठा कोणाकडे नाही,” नीलेश म्हणाला. “एका लॉटचा दगड शोधून आणला. सांधा दाखवा मला, आत्या. दाखवाच.”

विनोदिनीबाईंनी दगडावर हात ठेवला. गार होता. “छान झालाय,” त्या म्हणाल्या.

तो आवाज पदराआडचा होता, ते प्रणवला कळले. “आत्या, काय झालं? आवडला नाही?”

“आवडला रे. मला ओटला हवा होता.”

प्रणव आधी हसला. मग त्याचे हसू जागच्या जागी थांबले. नीलेशच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र एकदम उतरला.

“ओटला? बाहर वाला?” तो म्हणाला. “तो आत्या, ओटला बोलना था न! मी… आमच्या घरी तर…” त्याने ग्रॅनाइटकडे असे पाहिले, जणू त्या दगडानेच त्याला फसवले होते. “चार जणी म्हणालात, तेव्हा मला वाटलं फॅमिली मोठी आहे.”

“चूक तुमची नाही. शब्द तोच आहे.”

“मी साहेबांशी बोलतो.”

तो बोलला. उपयोग झाला नाही. पुढची जागा मंजूर नकाशात गाडीसाठी होती. शिवाय करारात अट होती, की सर्व घरांचा दर्शनी भाग एकसारखा राहील. ‘एलिव्हेशन बिघडतं,’ असे उत्तर आले. विनोदिनीबाईंकडे गाडी नव्हती, पण तिच्यासाठी राखलेला उतार होता. सीलिंग, पॅनल, दिवे देऊन झाले होते. आणखी द्यायला काही उरले नव्हते.

त्या राहायला आल्या.

कॉलनीत माणसे नव्हती असे नाही. घरे भरली होती. पण ज्यांनी ती घेतली, त्यांचे हप्ते एका पगारात भागत नव्हते, म्हणून नवरा-बायको दोघेही सकाळी कुलूप लावून जात. कोणी देवासच्याच कारखान्यात, कोणी दूर पीथमपूरला, आणि पाळ्यांप्रमाणे वेगवेगळ्या वेळी परत येऊन झोपत. दुपारी त्या सरळ रस्त्यावर करड्या-पांढऱ्या भिंतींची रांग उन्हात नुसती उभी असे. दूरवर टेकडी दिसे, तळहातावर मावेल एवढी. ओटा बाहेर बांधला गेला असता तरी त्यावर चौघी कुठून आल्या असत्या, हा प्रश्न विनोदिनीबाईंना पहिल्याच आठवड्यात पडला. त्यांनी तो बाजूला ठेवला. पण तो जाईना.

त्यांनी उतारावर खुर्ची टाकून पाहिली. खुर्ची कलली. वरच्या बाजूला वहीचा पुठ्ठा, खालच्या बाजूला विटेचा तुकडा, असे करून ती सरळ झाली, पण तिच्यावर बसलेल्या माणसाला मात्र सतत घसरल्यासारखे वाटे. शिवाय फाटक बंद. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसे ती एक वयस्कर बाई, गजांआड, वाट बघत बसलेली. तशा बाईपाशी कोणी थांबत नाही. आत काही अडचण असावी असे समजून माणसे पावले उचलतात.

दाराची घंटा वाजे. ती नेहमी चुकून वाजे. घरे एकसारखी असल्यामुळे पार्सलवाली मुले गोंधळत. “अंशुल शर्मा?” “नाही, पलीकडच्या रांगेत.” “सॉरी आंटी.” काही दिवसांनी विनोदिनीबाईंना कॉलनीतल्या बऱ्याच जणांची नावे कळली. चेहरे नाही.

धारहून फोन येत. “ओट्यावर गर्दी असेल ना, विनूताई? आम्हाला विसरलात.” त्या म्हणत, “हो, असते की.” हे खोटे त्यांनी का चालू ठेवले, ते सांगणे कठीण आहे. आमंत्रण दिले होते, आणि बसवायला जागा नव्हती, बहुधा तेवढेच.

पावसाळा सरता सरता सिंकखाली पाणी ठिबकू लागले. नीलेश स्वतः आला. प्लंबर पाठवू शकला असता, पण तो स्वतः आला. पाइप बदलून तो मागच्या दाराने हात धुवायला गेला आणि तिथून ओरडला, “आत्या, हा इथेच पडलाय अजून?”

भिंतीला टेकवून ठेवलेला काळ्या ग्रॅनाइटचा एक तुकडा होता. चौकोनी, कोपरे किंचित गोल.

“सिंक बसवायला ओट्याच्या मधून कापला तो. मजूर टाकून गेले. उचलून नेतो.”

विनोदिनीबाई तुकड्याकडे पाहत राहिल्या. “थांबा. हा बसायला पुरेल का?”

“बसायला?” नीलेशने हाताने मापले. “एक माणूस. तेही आपल्यासारखं बारीक.”

“बाहेर लावता येईल? फाटकाबाहेर, भिंतीला लागून?”

“सोसायटीवाले बोलतील.”

“कुंड्या ठेवायची परवानगी आहे ना? विचारलं तर सांगा, कुंडीचा कट्टा आहे.”

नीलेशने त्यांच्याकडे पाहिले, आणि ताब्याच्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच मोकळा हसला. “आत्या, तुम्ही तर आमच्या साहेबांच्या वर निघाल्या.”

दुसऱ्या दिवशी त्याने दोन बाजूंना उरलेल्या विटा रचल्या, वर तो तुकडा सिमेंटात बसवला आणि कडा घासून दिल्या. उंची गुडघ्याएवढी, या वेळी त्याने विचारून घेतली. जागा बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, कंपाउंडच्या बुटक्या भिंतीपलीकडे.

“चौघींचा आत, एकीचा बाहेर,” तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

विनोदिनीबाई तिथे बसू लागल्या. मोटारसायकलवरून जाणारे ‘नमस्ते आंटी’ म्हणत, वेग कमी न करता. एक दिवस सकाळी कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असलेली शेजारची मुलगी दोन पावले इकडे सरकली. रुची तिचे नाव; पार्सलांवरून ठाऊक होते. सोनकच्छची, नुकती लग्न होऊन आलेली, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. तिचे बूट नवे होते आणि चावत असावेत. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती. विनोदिनीबाई सवयीने सरकल्या. सरकायला जागाच नव्हती. त्या उठू लागल्या.

“नहीं नहीं, आंटी, आप बैठो,” रुची घाईने म्हणाली आणि परत कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली.

ते दृश्य त्यांच्या मनातून दिवसभर हलले नाही. धारच्या ओट्याखाली उभी राहून बोलणारी ती बाई त्यांना आठवली. आपण वर, ती खाली. तिथे जागा असूनही ‘बस’ म्हटले नव्हते. इथे म्हणायचे होते तर जागा नव्हती.

पुढच्या सकाळी त्या बाहेर गेल्या नाहीत. लांबलचक ओट्याच्या खिडकीकडच्या टोकाला चहाचे आधण ठेवून त्या आत उभ्या राहिल्या. रुची आली. तिने रिकाम्या दगडाकडे पाहिले, बंद दाराकडे पाहिले, आणि बसली. बूट सैल केला. डब्यातून पराठ्याचा तुकडा काढून खाल्ला. बस आली, ती गेली.

असे रोज होऊ लागले. विनोदिनीबाई आत, हात काळ्या दगडावर. रुची बाहेर, त्याच दगडाच्या मधून निघालेल्या तुकड्यावर, रस्त्याकडे तोंड करून. मधे भिंत. त्यांना तिची वेणी, मान आणि कानातले दिसे, चेहरा नाही. बाहेर जाण्याचा मोह होई. पण एक बाहेर गेली की दुसरीला उठावे लागणार, हा हिशेब चुकत नव्हता. त्या खिडकीतून हलत नसत आणि बशीचाही आवाज होऊ देत नसत.

एके दिवशी हातून बशी निसटली. फुटली नाही, ग्रॅनाइटवर खणखणत फिरली आणि थांबली. रुची दचकून उठली.

“सॉरी आंटी! मैं तो ऐसे ही बैठ गई थी। आपका गमले वाला है न ये?”

खिडकीत विनोदिनीबाई उभ्या होत्या. पहिले वाक्य कोणते बोलायचे, हा त्यांचा जन्माचा प्रश्न. मग वर्गातला तो आवाज, बऱ्याच दिवसांनी, आपण होऊन वर आला.

“बैठो, बैठो। ओटला है।”

रुचीने खाली दगडाकडे पाहिले. “ओटला!” ती म्हणाली. “हमारे सोनकच्छ में है, इत्ता बड़ा। यहाँ तो किसी के घर नहीं दिखा।” आणि ती परत बसली. या वेळी जरा तिरकी, म्हणजे अर्धा चेहरा खिडकीकडे येईल अशी.

चहा उकळत होता. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. रुचीने बुटाची नाडी ओढली, हात हलवला आणि पळाली. रस्ता पुन्हा दिवसभरासाठी रिकामा झाला.

विनोदिनीबाईंनी एकाच कपात चहा गाळला आणि तो ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढला. त्याला बराच वेळ लागतो. मग त्यांनी वरच्या फळीवरून दुसरा कप काढून धुतला आणि खिडकीपाशी पालथा घालून ठेवला.